बेचाळिसावा कागद

१

चोरी झाली की काहीतरी कमी होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या गावात जी चोरी झाली तिच्यात एक वस्तू वाढली. त्यामुळे चोरी झाली आहे हे गावाला पटवण्यातच माझे चार दिवस गेले.

मी बाझिल रोंदो, सेंत-ओद गावच्या शिबंदीचा कप्तान. आधी फ्रान्सच्या राजाचा होतो, दोन वर्षांपासून इंग्लंडच्या राजाचा आहे. तलवार तीच, पगार तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. क्वेबेक शहर लढाईत पडल्यावर इंग्रज आमची भांडणं आपल्या हातात घेतील असं वाटलं होतं. पण त्यांचा मेजर शहाणा निघाला. म्हणाला, बांधाचे तंटे तुमच्याच रिवाजानं मिटवा, अडलं तर मला बोलवा. तेव्हापासून दर मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात कोर्ट भरतं आणि माझी बायको सूप ढवळता ढवळता माझ्याआधी निकाल देते.

इंग्रजांची आमची ओळख व्हायला मात्र वेळ लागला. माझा आजा फ्रान्सहून शिपाई म्हणून आला. पलटणीत प्रत्येक शिपायाला एक टोपणनाव मिळायचं, आणि ते पुढे घराण्यालाच चिकटायचं. म्हणून मी रोंदो उर्फ लाजनेस, म्हणजे तरणाताठा. डोक्यावर एक केस नाही, पण तरणाताठा. मेजरचे हुकूम कधी कप्तान रोंदोला यायचे, कधी कप्तान लाजनेसला. महिनाभरानं तो मला म्हणाला, "तुमच्यापेक्षा तुमचे बंधू कामाला चांगले दिसतात." मी मूग गिळून बसलो. कौतुक कुठून का होईना, आपल्याच घरात येत होतं.

पण माणूस वाईट नाही. पहिल्या हिवाळ्यात, लढाईत ज्यांच्या घरचं कुणी गेलं होतं त्या प्रत्येक घराला त्यानं पिठाचं एकेक पोतं पाठवलं. आमच्या गावचे अठरा गेले होते. पोती एकोणीस आली. इंग्रजांना मोजता येत नाही असं म्हणून गाव हसलं, आणि उरलेलं पोतं पाद्रीबाबांनी ठेवून घेतलं.

तर आता पेटीची गोष्ट. आमचे नोटरी लामार यांनी, इंग्रजांची जहाजं नदीत आली त्या उन्हाळ्यात, गावाच्या दस्तांची पेटी जंगलात पुरली. त्यांचं घर जळलं, दस्तांची सूची जळली, आणि थंडीत म्हातारा स्वतःही गेला. पेटी मी उकरून काढली. आत एक्केचाळीस कागद होते. मोजून, सुतळीनं बांधून, कुलूप लावून माझ्या घरी ठेवली. किल्ली माझ्या कमरेला.

एका मंगळवारी वेदरेल नावाचा इंग्रज व्यापारी दुभाष्याला घेऊन आला आणि म्हणाला, "पेटीत सन १७५८ च्या १२ सप्टेंबरचं एक खरेदीखत असेल. काढा."

मी तोऱ्यात पेटी उघडली. खरेदीखत निघालं. कागद मोजले. बेचाळीस.

खरेदीखत म्हणत होतं की लोराँ ब्लुआँ यानं आपलं घर आणि नदीकाठची पट्टी एका फ्रेंच लेफ्टनंटला विकली. लेफ्टनंट गेल्या वर्षी फ्रान्सला परतला, आणि जाताना ती पट्टी त्यानं वेदरेलला दिली, असं वेदरेलच्या हातातली चिठ्ठी सांगत होती.

लोराँ लढाईत मेला. त्याच महिन्यात इंग्रजांनी हा सगळा किनारा जाळला, त्यात त्याचं घरही गेलं. त्याच्या बायकोनं, फेलिसितेनं, दोन लेकरं पाठीशी घेऊन ते पुन्हा उभं केलं. तुळया तिनं स्वतः ओढल्यात, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती माझ्या दारात उभी राहून ऐकत होती.

"कप्तान, लोराँनी घर विकलं असतं तर मला सांगितलं नसतं का हो?" ती म्हणाली. "कोंबडी विकायची तरी तो मला विचारायचा."

दुसऱ्या दिवशी मेजरचा निरोप आला. पुढच्या मंगळवारी मी स्वतः येतो. कागद खोटा ठरला नाही तर बाईनं घर सोडावं. आणि बंद पेटीत खोटा कागद शिरला असेल, तर किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानं उत्तर तयार ठेवावं.

२

"बाझिल, तुझी पेटी व्याली म्हणे!"

दारात उर्सुल मावशी. बहात्तर वर्षांची, आमच्या गावची सुईण. मला तिनंच जगात आणलं, आणि ही चूक आपल्याकडून कशी झाली हे ती चारचौघांत सांगत असते.

"हसू नकोस मावशी. माझी पाचावर धारण बसलीय. गाव म्हणतंय कप्तानानं इंग्रजांचा चहा पिऊन इमान विकलं."

"तू विकलं असतंस तर चांगल्या किमतीला तरी विकलं असतंस. सरक तिकडे." ती चुलीपाशी बसली. "मूल कुणाचं हे कळायला आधी विचारावं लागतं, घरात येणंजाणं कुणाचं होतं. सांग."

मी आठवून सांगितलं. जुलैमध्ये मेजरनं पेटीतल्या सगळ्या कागदांची इंग्रजी यादी मागवली होती. तीन दिवस पेटी याच टेबलावर उघडी होती. जुनी अक्षरं लावून द्यायला लोराँचा भाऊ तुसाँ बसायचा, कारण तो तरुणपणी लामारकडे उमेदवारी करत होता. मेजरचा दुभाषी फाल यादी लिहायचा. वेदरेल घोड्याला पाणी पाजायच्या निमित्तानं एकदोनदा डोकावला होता.

"आणि तू?"

"मी कधी झोपायचो, कधी जागा असायचो."

"म्हणजे चौघं," मावशी म्हणाली. "तुसाँपासून सुरुवात करू. अक्षर कुणाचं आहे?"

"लामारचं. हुबेहूब. मी शपथेवर सांगेन."

"आणि लामारसारखं अक्षर आणखी कुणाला येतं?"

 उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तुसाँ गोठ्यात होता. भावजयीशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ गेल्यावर पट्टी आपल्याला मिळावी असं त्याला वाटलं होतं, आणि तिनं त्याला झाडू दाखवला होता.

"मी कशाला खोटं खत करीन?" तो माझ्यावर उखडला. "केलंच असतं तर माझ्या नावानं केलं असतं ना? इंग्रजाच्या घशात घालायला मी येडा आहे काय?"

"त्या इंग्रजानं तुला काही कबूल केलं असेल," मी म्हणालो.

"कप्तान, किल्ली तुमच्या कमरेला. तोंड सांभाळून बोला."

मावशी मध्येच म्हणाली, "तुसाँ, जोलिकेरचं व्हायोलिन कुठंय रे आता?"

मला वाटलं, म्हातारीचं भान सुटलं. तुसाँचा चेहरा मात्र एकदम उतरला.

"त्याच्या आईकडं आहे. खुंटीवर. माझ्या लग्नात तोच वाजवायला होता, मावशी. तार तुटली तरी तीन तारांवर रात्र काढली त्यानं. तसा हसरा माणूस पुन्हा नाही व्हायचा."

"तुला खत वाचून कुणी दाखवलं का?"

"माझी सावलीसुद्धा नको आहे भावजयीला. कोण दाखवतंय?"

परत येताना मी विचारलं, "जोलिकेर मध्येच कुठून आला?"

"तो खताचा साक्षीदार आहे असं फेलिसितेनं सांगितलं. मेलेल्या माणसाला साक्षीला बोलवलंय, तर त्याची विचारपूस नको करायला?"

३

फाल जर्सी बेटाचा. तिथले लोक इंग्लंडच्या राजाचे, पण बोली फ्रेंच. म्हणून तो आला तेव्हा गावाला हायसं वाटलं. इंग्रजांमध्ये निदान एक तरी माणूस असा, ज्याला शिवी दिली तर कळते. पोरांना जहाजाच्या गोष्टी सांगायचा, आमचं वाटाण्याचं सूप मागून मागून खायचा. आम्हाला सगळ्यांनाच तो आवडायचा, आणि हे मी लपवणार नाही.

"या मावशी, बसा," त्यानं स्वतः खुर्ची पुढे केली. "फेलिसितेबाईंचं ऐकून मला फार वाईट वाटलं. पण कागद म्हणजे कागद. मी काय करणार?"

"मला वाचता येत नाही रे बाबा," मावशी म्हणाली. "तेवढा कागद वाचून दाखव."

त्यानं खडखडीत आवाजात सगळं खत वाचलं. शेवटी आलं, "साक्षीदार जोसेफ गेरार आणि जोसेफ जोलिकेर, दोघे याच गावचे राहणारे, सही येत नाही म्हणून फुली केली." खाली दोन फुल्या होत्या. एक सरळ, एक जरा वाकडी.

"पुन्हा वाच बघू नावं."

त्यानं वाचली.

"यातल्या कुणाला विचारता येईल का?"

"कुठून विचारणार? दोघंही लढाईत गेले. आमच्या यादीत आहेत बिचारे." फालनं कपाळाला, छातीला हात लावला. "देव त्यांना शांती देवो."

वेदरेल कोपऱ्यात पाईप ओढत बसला होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, निदान तसं दाखवत तरी होता. मावशीनं त्याच्याकडे पाहून मान डोलावली, त्यानंही डोलावली. त्याचा जबाब एवढाच झाला.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "गेरार म्हणजे टेकडीवरच्या घरांतला असेल ना कुणीतरी? चार घरं आहेत त्यांची."

"चल, बघू तर."

चारी घरं झाली. मला धाप लागली, मावशीला नाही. मठ्ठा, मेपलची साखर आणि गुडघेदुखीच्या तक्रारी सगळीकडे मिळाल्या, पण जोसेफ कुठेच मिळाला नाही. त्यांच्यातला एकही माणूस लढाईत गेला नव्हता.

"म्हणजे गेरार नावाचा साक्षीदार खोटा!" मी उडालोच. "असा माणूस नव्हताच कधी!"

"होता की," मावशी म्हणाली. "पाद्रीबाबांच्या मयतांच्या वहीत आहे. मघाशी तू टेकडीखाली दम खात होतास तेव्हा मी वाचून घेतलं त्यांच्याकडून. जोसेफ गेरार, वय एकतीस, लढाईत ठार."

"आणि जोलिकेर?"

"तो त्या वहीत नाही."

"नाही कसा? माझ्या हजेरीपटावर आहे! माझ्या हातानं त्याच्या नावापुढं क्रूस काढलाय!"

मावशी बर्चच्या झाडाला टेकून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत ती जुनी चेष्टा होती, माझ्या जन्माच्या चुकीची.

"बाझिल," ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा, असं चाललंय तुझं. मला एक सांग. ते एकोणिसावं पोतं कुणाचं होतं?"

४

मंगळवारी मेजर आला. स्वयंपाकघर पुरेना, म्हणून चर्चच्या अंगणात बाकं टाकली. मेपलची पानं लाल झाली होती आणि वारा नदीवरून येत होता. मावशीनं लढाईत ज्यांचं कुणी गेलं त्या अठराही घरांना निरोप धाडला होता. प्रत्येक घरचं एकेक माणूस आलं. फेलिसिते लेकरांचे हात धरून शेवटच्या बाकावर बसली. तिनं घरातलं किडुकमिडुक आधीच बांधून ठेवलं होतं, हे मला शेजारणीनं सांगितलं.

मावशीनं मला बजावलं होतं, "तू फक्त एक मागणी कर. बाकी तोंड उघडू नकोस. तुला ते जमत नाही, पण आज जमव."

मी उभा राहिलो. "मेजरसाहेब, खताचे दोन्ही साक्षीदार लढाईत गेले. म्हणून निकालाआधी गावातल्या सगळ्या मयतांची नावं वाचावी, अशी विनंती आहे. तुमच्यासाठी फालनं जी यादी केली, जिच्यावरून तुम्ही पीठ पाठवलंत, तीच वाचावी. ज्याचं नाव येईल त्याच्या घरच्यानं उभं राहावं."

फालनं ते इंग्रजीत सांगितलं. मेजरनं टोपी काढली. त्याला ते योग्य वाटलं असावं, त्याचीही माणसं त्याच माळावर पडली होती.

फाल वाचू लागला. एकेक नाव, आणि एकेक माणूस उभं राहून बसत होतं. "लोराँ ब्लुआँ." फेलिसिते उठली. "जोसेफ गेरार." पहिल्या बाकावरची कात्रीन आई काठी टेकत उठली, थोडा वेळ उभी राहिली आणि बसली. अंगणात कुजबुज झाली, ही गेरारांची कधीपासून? मला स्वतःला हे मावशीनं आदल्या दिवशी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं, मग गावाला कुठून असणार?

बारा, तेरा, चौदा. फालचा आवाज चांगला होता. बायका डोळे पुसत होत्या.

"जोसेफ जोलिकेर."

कात्रीन आई पुन्हा उठली.

फाल अदबीनं म्हणाला, "आजी, तुमचं नाव झालं मघाशी. तुम्ही बसा."

"झालं ना," आई म्हणाली. "पुन्हा घेतलंस म्हणून उठले."

 फालनं यादीकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा यादीकडे. त्याचा रंग मला आठवतो. मेजर म्हातारीकडे बघत होता. मग त्यानं हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"रोंदो," तो म्हणाला. बोट तसंच ठेवून, "लाजनेस."

"होय साहेब," मी म्हणालो. "बंधू वगैरे कुणी नाही. मी एकटाच."

त्याला दुभाष्याची गरज लागली नाही. एकच बाई दोनदा उठली, हे बघायला कुठलीही भाषा लागत नाही.

आता मावशी पुढे झाली. "फाल, मी बोलते ते साहेबांना सांग. नीट सांग बरं का, तुझ्याबद्दलच आहे."

तिनं बोलायला सुरुवात केली. "कात्रीनच्या जोसेफला मी जगात आणलं. पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा बापानं आडनाव सांगितलं, गेरार. त्यानंतर ते नाव कुणी उच्चारलंच नाही. बाप जोलिकेर, पोरगा जोलिकेर. जोलिकेर म्हणजे हसमुख, आणि होताच तो तसा. गेरार म्हणून मेला तो फक्त पाद्रीबाबांच्या वहीत, कारण तिथं खरं नाव लिहितात. जोलिकेर म्हणून मेला कप्तानाच्या हजेरीपटावर. दोन वह्या, एक माणूस. खताला साक्षीदार दोन लागतात. या खताला आहे एक, आणि त्यानं फुल्या केल्यात दोन."

फालनं एवढं इंग्रजीत सांगितलं. बरोबर सांगितलं असावं, मेजर मान हलवत होता.

"मग कुणी म्हणेल, तुसाँनं लिहिलं. त्याला लामारचं वळण येतं. पण तुसाँला जोलिकेर ठाऊक, गेरार ठाऊक नाही. त्याला मेलेले साक्षीदार हवे असते तर त्यानं जोलिकेर घेतला असता आणि शेजारचा आणखी कुणी घेतला असता. वही उघडलीच नसती त्यानं. आपली मेलेली माणसं शोधायला गावातल्या माणसाला वही लागत नाही. वही लागते परक्याला. दोन्ही वह्या एकत्र करून यादी कुणी केली? अठराचे एकोणीस कुणी केले? ती तेव्हा साधी चूक होती, बाबा, त्याचा राग नाही. पण पुढं तू स्वतःच्याच चुकीवर विश्वास ठेवलास. जुलैत तीन दिवस लामारचं अक्षर तुझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि कप्तान घोरत होता."

फाल भाषांतर करायचा थांबला होता.

"सांग," मेजर म्हणाला. हे त्यानं आमच्या भाषेत म्हटलं, मोडकंतोडकं, पण स्पष्ट.

 फालनं यादी बाकावर ठेवली आणि खाली मान घालून जे बोलला ते आधी इंग्रजीत बोलला, मग आमच्याकडे वळून आमच्या भाषेत. वेदरेलला होड्या लावायला तो काठ हवा होता. धक्का झाला की फालला त्यात भागीदारी मिळणार होती. खत त्यानंच लिहिलं. चिठ्ठीही. जुलैत तिसऱ्या दिवशी खत पेटीत सरकवून कागदांच्या यादीतही त्यानंच चढवलं. त्या शेवटच्या कामातही तो चांगला दुभाषी राहिला, एक शब्द गाळला नाही. मला त्याचा संताप आला, आणि वाईटही वाटलं. दोन वर्षं त्यानं आमच्या हातचं सूप खाल्लं होतं.

वेदरेल उठून म्हणाला की आपल्याला फ्रेंच वाचता येत नाही, आपण फसलो. खरं की खोटं ते आजवर कळलेलं नाही. मेजरनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं बेचाळिसावा कागद मागवला, त्यावर आडवी रेघ ओढली आणि सही केली. मग टोपी हातातच ठेवून फेलिसितेसमोर वाकला. फालला दोन शिपाई क्वेबेकला घेऊन गेले.

फेलिसितेच्या धाकट्यानं विचारलं, "आई, मग आता गाठोडं सोडायचं ना?" ती तिथंच बाकावर बसून रडली. तुसाँ बराच वेळ टोपी चुरगाळत बाजूला उभा होता. मग त्यानं पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या घराच्या वाटेला लागला. तिनं झाडू दाखवला नाही.

पाद्रीबाबांनी मात्र घाईघाईनं सांगून टाकलं की एकोणिसावं पोतं त्यांनी कधीच खाऊन संपवलं.

मेजरनं जाताना हुकूम दिला, हजेरीपट नव्यानं लिहा, प्रत्येकाची दोन्ही नावं एका ओळीत, मध्ये 'उर्फ'. मी तिथंच टेबल मांडून बसलो. पहिलं नाव कुणाचं घ्यायचं यात शंका नव्हती. कात्रीन आई अजून पहिल्या बाकावर होती.

"आई," मी म्हणालो, "जोसेफचं असं लिहितो. जोसेफ गेरार उर्फ जोलिकेर. चालेल?"

"चालेल की." ती काठीवर दोन्ही हात ठेवून नदीकडे बघत होती. "मघाशी दुसऱ्यांदा नाव घेतलं ना त्यानं, तर एक क्षण मलाही खरंच वाटलं बघ."

"काय वाटलं?"

"की दोन होते माझे. दोन असते तर एक तरी परत आला असता."

मी 'उर्फ' लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.